एअर कूलरमधलंही पाणीच: गेमिंग पीसीच्या थंडाव्याची पार्श्वभूमी

गेमिंग पीसी जुळवताना प्रोसेसर थंड ठेवायला एअर (पंख्याच्या हवेवर चालणारा) कूलर घ्यायचा की लिक्विड (द्रव खेळवणारा), हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी कुणाला पडलाच नसता. ४८६ प्रोसेसरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या हीटसिंकशिवायही, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पत्र्यांच्या ठोकळ्याशिवायही, चालायच्या. १९९३ साली पेंटियम आला. त्याची ६६ मेगाहर्ट्झची आवृत्ती जास्तीत जास्त १६ वॉटच्या आसपास उष्णता टाकायची, आणि तेवढ्याला ॲल्युमिनियमचा छोटा हीटसिंक नि त्यावरचा इवलासा पंखा पुरायचा. पाण्यानं थंड होणारे संगणक तेव्हाही होते, पण ते संस्थांच्या मोठमोठ्या दालनांत. आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये १९६०च्या दशकातच पाणी खेळवलेलं होतं. १९८५च्या क्रे-२ महासंगणकाचे सर्किट बोर्ड तर फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असत.

घरच्या पीसीत पाणी शिरलं ते ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या गतीपेक्षा जोरात पळवण्याच्या, नादानं. १९९८चा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर, बसची (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या मार्गाची) गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की बहुतेक वेळा ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा. वाढलेली उष्णता काढायला हौशी मंडळी मिळेल ते वापरत. मोटारीच्या हीटरचा छोटा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी), मत्स्यालयाचा पंप आणि ड्रिलनं आत वाटा कोरलेला तांब्याचा ठोकळा, एवढ्यावर काम चालायचं. बिघाडही ठरलेले असत. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असला, की एकाच पाण्यातल्या त्या दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजायचं. नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं तर काही महिन्यांत शेवाळ धरायचं. गंजरोधक मिसळलेला द्रव वापरावा हा आजचा नियम त्या अनुभवातून आलेला आहे.

त्याच सुमारास प्रोसेसरही तापू लागले. २००० सालच्या एएमडी ॲथलॉनचा सिलिकॉनचा तुकडा झाकणाविना उघडाच असायचा. हीटसिंकची पट्टी अडकवताना जोर तिरका लागला की त्याचा कोपरा तुटे, आणि हीटसिंक चालू संगणकात निसटला तर चिप काही क्षणांत जळे. पेंटियम ४ मात्र तापला की स्वतःची गती उतरवायचा. पुढे सगळ्याच प्रोसेसरनी हा मार्ग धरला. त्यामुळे आज कूलर अपुरा असल्याची खूण धूर ही नसते, तर खेळता खेळता फ्रेम गळून चित्र अडखळू लागणं ही असते. २००४चा प्रेस्कॉट पेंटियम ४ वरच्या आवृत्तीत ११५ वॉटपर्यंत गेला. त्याचा पुढचा अवतार, तेजस, इंटेलनं त्याच वर्षी रद्द केला. त्याच वर्षी ॲपलनं २.५ गिगाहर्ट्झच्या पॉवर मॅक जी५ला कारखान्यातूनच द्रवशीतन बसवून विकलं. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये काही वर्षांनी गळती निघाली.

हवेला खरं बळ दिलं ते हीट पाइपनं, आणि इथेच या वादातली मोठी गफलत आहे. एअर कूलरच्या बुडातून वर जाणाऱ्या ज्या तांब्याच्या नळ्या दिसतात, त्या भरीव नसतात. साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या त्या नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याची भुकटी भाजून केलेला सच्छिद्र थर असतो. आतली हवा काढून पाण्याचे मोजके थेंब टाकतात आणि तोंड बंद करतात. दाब इतका कमी असतो की पाणी ४० अंशांनाही उकळतं. त्या तापमानाला त्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या जेमतेम चौदावा हिस्सा भरतो. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, ती पत्र्यांमध्ये जाऊन थंडावते, आणि पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं त्या थरातून परत येतं. जनरल मोटर्समधल्या गॉग्लर यांनी या कल्पनेचं पेटंट १९४४ साली मिळवलं होतं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती नव्यानं सिद्ध केली, तीही अवकाशयानांसाठी. म्हणजे ‘एअर’ कूलरही पाण्यावरच चालतो, फक्त त्याला पंप लागत नाही.

या नळीला मर्यादा आहे. एक नळी साधारण ३० ते ४० वॉट वाहून नेते. त्यापुढे पाणी परतण्याआधीच वाफ होऊन जातं, थर कोरडा पडतो आणि तापमान एकदम उसळी घेतं. म्हणून कूलर पाहताना पंख्याच्या रंगीत दिव्यांआधी नळ्या मोजाव्यात. चार नळ्यांचा एकमनोरी (पत्र्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला) कूलर मध्यम प्रोसेसरला पुरतो, सहा नळ्यांचा दुमनोरी (दोन गठ्ठ्यांचा) २०० वॉटच्या आसपास पोचतो. नॉक्टुआचा २०१४चा एनएच-डी१५ हा या दुसऱ्या जातीचा नमुना. त्याची उंची १६५ मिलिमीटर आणि दोन पंख्यांसह वजन १.३ किलो. इतका उंच कूलर कॅबिनेटची काच बंद होऊ देईल का आणि पुढचा पंखा रॅमवर टेकेल का, हे विकत घेण्याआधी मोजावंच लागतं.

दुसरीकडे डेन्मार्कच्या ऑलबोर्गमध्ये २००० साली असेटेक ही कंपनी सुरू झाली. फ्रिजसारखा कॉम्प्रेसर लावून प्रोसेसर गोठवणारं व्हेपोचिल हे तिचं आधीचं उत्पादन. नंतर तिनं पंप आणि प्रोसेसरवर टेकणारी तांब्याची पाटी एकाच डबीत बसवली, द्रव कारखान्यातच भरून सील केला, आणि ग्राहकाला पाणी भरण्याच्या कटकटीतून सोडवलं. २००९चा कॉर्सेअर एच५० असेटेकनंच बनवलेला होता. ‘एआयओ’ (ऑल-इन-वन, म्हणजे सगळं एकत्र जोडून आलेला लिक्विड कूलर) ही जात त्यानंच रूढ केली. या रचनेच्या पेटंटवरून खटले झाले आणि २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं असेटेकच्या बाजूनं कौल दिला. काही कंपन्यांचा पंप प्रोसेसरवर नसून रेडिएटरमध्ये किंवा नळीत का असतो, याचं एक मोठं कारण हे पेटंट ठरलं.

पाणी उष्णता संपवत नाही, ती दुसरीकडे नेऊन सोडतं. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर २०० वॉट टाकत असेल, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात फरक पडतो फक्त ३ अंशांचा. तेच २०० वॉट मिनिटाला दीड घनमीटर हवेत सोडले तर ती सुमारे ७ अंशांनी तापते. शेवटी उष्णता हवेतच जायची असल्यानं रेडिएटरचा आकार आणि त्यातून जाणारी हवा यावर सगळं ठरतं. १२० मिलिमीटरचा एकपंखी एआयओ चांगल्या दुमनोरी एअर कूलरपुढे टिकत नाही, तो याचमुळे. पाण्याला तापायला वेळ लागतो, तेव्हा एआयओची पाच मिनिटांची चाचणी दिशाभूल करते. निदान अर्धा तास भार ठेवून मग आकडा वाचावा.

अलीकडे अडचण आणखी आत सरकली आहे. २०१२च्या आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलनं चिप आणि झाकण यांच्यामध्ये धातूच्या सोल्डरऐवजी उष्णता कमी वाहणारी पेस्ट घातली, आणि ती बदलायला लोक ब्लेडनं झाकणं उघडू लागले. एएमडीच्या रायझन ७०००मधला गाभे असलेला सिलिकॉनचा एक तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा आहे. एवढ्याशा जागेतून निघालेली उष्णता झाकणापर्यंत पोचतानाच अडते. २०२२चा रायझन ९ ७९५०एक्स मुद्दामच ९५ अंशांपर्यंत जातो. त्याला मोठा कूलर लावला की तापमान फारसं उतरत नाही, गती थोडी वाढते. त्याच वर्षीचा कोअर आय९-१३९००के २५३ वॉट मागतो. उलट २०२३चा रायझन ७ ७८००एक्स३डी बहुतेक खेळांत ५० ते ८० वॉटमध्ये भागवतो. फक्त खेळणाऱ्यासाठी घेतलेल्या ७८००एक्स३डीवर ३६० मिलिमीटरचा, तीन पंख्यांचा एआयओ लावणं हा पैशाचा अपव्यय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्या १३९००केला मात्र तोच एआयओ लागतो.

ग्राफिक्स कार्ड विसरून चालत नाही. आरटीएक्स ४०९० एकटं ४५० वॉट कॅबिनेटमध्ये सोडतं, आणि एअर कूलर तीच तापलेली हवा ओढतो. रेडिएटर पुढे लावला तर त्याला खोलीतली ताजी हवा मिळते, पण कार्डाला कोमट हवा येते. वर लावला तर उलट. खेळासाठीच्या पीसीत वर लावणं आम्हाला बरं वाटतं. पुढेच लावायचा असेल तर नळ्या खालच्या बाजूला घ्या आणि रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवा. आतली थोडीशी हवा सगळ्यात वरच्या ठिकाणी जमते. ते ठिकाण पंपच असला तर तो गुळगुळ आवाज करतो आणि लवकर झिजतो. पंपाची वायर मदरबोर्डवर पंपासाठीच्या जागी लावून गती स्थिर ठेवा. कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी लावली तर कमी व्होल्टवर पंप रेंगाळतो. आणि तांब्याच्या पाटीवरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. कूलर ‘खराब’ म्हणून परत येतो तेव्हा बऱ्याचदा ती फिल्म तशीच असते.

दोन्ही कूलर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाहीत. एखादा कूलर खोलीपेक्षा ५० अंशांवर प्रोसेसर राखत असेल, तर पुण्यात जानेवारीतल्या २२ अंशांच्या खोलीत आकडा ७२ येतो आणि मे महिन्यात नागपुरात ४० अंशांच्या खोलीत ९०. परदेशी चाचण्यांतले आकडे वाचताना खोलीचं तापमान आधी शोधावं. डेझर्ट कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नये. ओलसर हवेत धूळ पत्र्यांना चिकटून थर धरते.

एआयओतला द्रव रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं अगदी हळू उडून जातो, म्हणून त्याची हमी बहुधा पाच-सहा वर्षांची असते. एअर कूलरचा बिघडला तर पंखा बिघडतो, आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. पंप बंद पडलाय का हे हातानं कळतं: प्रोसेसर काही न करता ९० अंशांवर असतो, आणि रेडिएटर गार.