इकोपेदो की अग्रोतेमाहिओ? ग्रीक बेटावर समुद्राकाठची जमीन घेताना

माझा भाचा फ्रँकफर्टला असतो. त्यानं एक जाहिरात पाठवली: इकारिया बेट, उत्तर किनारा, ४२०० चौरस मीटर, समोर मोकळा समुद्र, 'घर बांधण्याजोगं इकोपेदो'. सोबत एवढंच विचारलं होतं, "मामा, घेऊ का?" किंमत पाहून मलाही क्षणभर मोह झाला. पण पुढच्या काही महिन्यांत आम्ही दोघं जे शिकलो, त्याचं मूळ त्या एका शब्दात होतं. ती जमीन इकोपेदो नव्हतीच, अग्रोतेमाहिओ होती.

दोन्ही शब्द फोडले की अर्थ लगेच कळतो. 'इकोस' म्हणजे घर आणि 'पेदोन' म्हणजे भुई, म्हणून इकोपेदो ही घराची जागा. 'अग्रोस' म्हणजे शेत आणि 'तेमाहिओ' म्हणजे तुकडा, म्हणून अग्रोतेमाहिओ हा शेताचा तुकडा. कायद्याच्या दृष्टीनं इकोपेदो म्हणजे मंजूर नगररचनेतली किंवा गावठाणाच्या हद्दीतली जागा, आणि तिच्या बाहेरची सगळी जमीन दुसऱ्या वर्गात जाते. बोलताना मात्र समुद्र दिसणाऱ्या कुठल्याही तुकड्याला लोक सर्रास इकोपेदो म्हणतात. विकणारा तर म्हणणारच.

आपल्या माणसाची इथे आणखी एक गफलत होते. 'शेतजमीन आहे ना, मग एनए करून घेऊ' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ग्रीसमध्ये तसा एनएचा आदेश काढायची सोय नाही. नगररचनेबाहेरच्या जमिनीवरही घर बांधता येतं, पण ती जमीन नियमात आधीच बसलेली असावी लागते. नसेल बसत, तर कितीही फेऱ्या मारल्या तरी ती बसवून मिळत नाही.

समुद्राला लागून असलेली जमीन बहुतेक वेळा दुसऱ्याच वर्गात का मोडते, याला बेटांचा इतिहास कारण आहे. एजियन समुद्रात कित्येक शतकं चाच्यांचा धुमाकूळ होता. माणसं किनारा सोडून डोंगरात गेली. इकारियावर तर घरंच अशी बांधली की गलबतावरून दिसू नयेत: बुटकी, कातळाच्या आडोशाला, छपराला दगडी पाट्या. म्हणून जुनी गावठाणं बरीचशी वर आणि खाली पाण्याकडे शेतं, ऑलिव्ह, द्राक्षवेली, चराऊ रानं. आज आपल्याला हवं असतं ते नेमकं खालचं, जिथे त्यांनी घर बांधलंच नाही.

आता नियम. नगररचनेबाहेरच्या जमिनीला साधारणपणे किमान चार स्त्रेमा क्षेत्र लागतं. एक स्त्रेमा म्हणजे १००० चौरस मीटर. ४००० चौरस मीटर म्हणजे आपले साडेएकोणचाळीस गुंठे, एकराला जेमतेम कमी. एवढ्या जमिनीवर घर किती मोठं? पूर्वी २०० चौरस मीटर चालायचं, २०२० च्या कायद्यानं ते १८६ वर आणलं, म्हणजे सुमारे दोन हजार चौरस फूट. रस्त्यालगतच्या लहान तुकड्यांना जुन्या सवलती होत्या. त्याही त्याच कायद्यानं काढल्या, फक्त काही काळाची मुदत दिली. जुन्या जाहिरातींत किंवा ओळखीच्यांच्या बोलण्यात 'दोन स्त्रेमा पुरतात' असं आलं, तर ते त्या काळातलं समजावं.

भाच्याच्या तुकड्याचं क्षेत्र भरत होतं. अडला तो रस्ता.

ग्रीसचं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय म्हणजे सिम्वूलिओ तिस एपिक्रातियास. त्याच्या पूर्णपीठानं २०२३ च्या १७६ क्रमांकाच्या निकालात स्पष्ट केलं की नगररचनेबाहेरच्या जमिनीवर बांधायचं तर तिचं तोंड कायदेशीर अस्तित्व असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर हवं. गाडी जाते म्हणून तो रस्ता ठरत नाही. बेटांवरच्या कित्येक वाटा शेतकऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी पाडलेल्या, नंतर कुणीतरी बुलडोझर फिरवून रुंद केलेल्या. आम्ही पाहिली तीही तशीच. दोन गडग्यांमधून लाल मातीची गाडीवाट खाली उतरत होती. मध्येच तारेचं फाटक आलं, ते विकणाऱ्यानं हातानं उचलून बाजूला केलं. पुढे पन्नास पावलांवर वाट एका ऑलिव्हपाशी संपली. समुद्र खरंच डोळे निववणारा होता, हे सांगायलाच हवं. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

आम्ही स्वतःचा इंजिनिअर नेमला आणि मोजणी करवून घेतली. ग्रीसमध्ये मोजणीच्या नकाशाला तोपोग्राफिको म्हणतात. त्यावर इंजिनिअरला सहीनिशी लिहून द्यावं लागतं की जमीन 'आर्तिओ' आहे का आणि 'इकोदोमीसिमो' आहे का. आर्तिओ म्हणजे मापात पूर्ण, आणि इकोदोमीसिमो म्हणजे बांधण्याजोगी. हे दोन शब्द एका दमात म्हटले जातात, त्यामुळे एकच वाटतात. आमच्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, शिक्क्याच्या वर लिहिलं होतं: 'आर्तिओ के मी इकोदोमीसिमो'. ग्रीकमध्ये 'मी' म्हणजे 'नाही'. मापात पूर्ण, पण बांधण्याजोगी नाही. दोन अक्षरांचा तो शब्द वाचायचा राहिला असता, तर भाच्याची दहा वर्षांची पुंजी एका सुंदर शेतात अडकली असती. खरेदीखताला हा नकाशा जोडावाच लागतो. पण खरेदीखताच्या दिवसापर्यंत तो पाहायचा थांबू नका. इसार देण्याआधी पाहा, आणि विकणाऱ्याच्या इंजिनिअरचा नव्हे, आपल्या इंजिनिअरचा पाहा.

समुद्राला लागून म्हटलं की आणखी एक जोडी येते, एयिआलोस आणि परालिया. २००१ च्या २९७१ क्रमांकाच्या कायद्यानुसार मोठ्यात मोठी नेहमीची लाट जिथवर चढते, तिथवरचा पट्टा म्हणजे एयिआलोस. त्याच्या मागे ५० मीटरपर्यंत आखता येणारा पट्टा म्हणजे परालिया. दोन्ही सार्वजनिक, खाजगी मालकी नाही. जमिनीची पाहणी आपण उन्हाळ्यात करतो आणि लाट मात्र हिवाळ्यातली धरतात. कागदावर ४२०० चौरस मीटर असलेल्या तुकड्यातले ३०० जरी लाटेच्या रेषेत गेले, तरी उरतात ३९००, आणि ती जमीन आर्तिओही राहत नाही.

वनखात्याचे नकाशेही पाहायलाच हवेत. १९४५ च्या हवाई छायाचित्रात पायऱ्यापायऱ्यांची शेती दिसते, पण माणसं अथेन्सला, अमेरिकेला गेली, शेतं ओस पडली, झाडी वाढली, आणि आज तोच तुकडा नकाशावर रान म्हणून दिसू शकतो. जळालेलं रान मोकळं झालं म्हणून बांधता येईल, असंही समजू नये. ते पुन्हा रानच करायचं, असं थेट राज्यघटनेत लिहिलंय.

गावठाणातल्या इकोपेदोचं त्या मानानं बरंच सरळ असतं. जागा लहान चालते, वीज-पाणी जवळ असतं, शेजार असतो. घराचा आकार, दगड, खिडक्या यांवर पारंपरिक गावांत कडक बंधनं असतात, ती मला तर योग्यच वाटतात. हद्दीची खात्री मात्र इथेही करावी. पेलिऑन आणि रेथिम्नो भागांत नोमार्खांनी, म्हणजे आपल्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्यांनी, आखलेल्या गावांच्या हद्दी न्यायालयात टिकल्या नाहीत.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक गोष्ट दोन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे. १९९० च्या १८९२ क्रमांकाच्या कायद्यानं सीमाभाग ठरवलेत. त्यात दोदेकानीज बेटं, लेस्व्होस, खिओस, सामोस येतात, आणि इकारिया तेव्हा सामोसच्याच जिल्ह्यात मोडत होतं, म्हणून तेही. सांतोरिनी आणि स्कायरोसही त्या यादीत आहेत. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला तिथे खास परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही, आणि तशी घेतली तर खरेदीखतच रद्दबातल ठरतं. भाच्याचा पासपोर्ट भारतीय, त्याच्या बायकोचा जर्मन. त्यामुळे आता जे काही होईल ते तिच्या नावावर.

खालची जमीन आम्ही सोडली. आता डोंगरातल्या गावात एक ३४० चौरस मीटरचं इकोपेदो पाहिलंय. जुन्या घराची दगडी भिंत कमरेइतकी उभी आहे, अंगणात तुतीचं झाड आहे, आणि समुद्र दोन छपरांच्या फटीतून हातभर दिसतो. खाली पाण्यापर्यंत चालत चाळीस मिनिटं. बांधकाम परवान्याच्या आधीची मंजुरी असते, तिला प्रोएंग्रिसी म्हणतात. ती मिळाली तरच सौदा, अशी अट वकिलाकरवी घातली आहे. अर्ज गेलाय.