एलायझा परत येते का? ‘पिग्मॅलियन’ आणि ‘माय फेअर लेडी’

‘माय फेअर लेडी’चा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, “शॉचं ना ते? प्रोफेसर आणि फुलवालीची प्रेमकथा!” शॉने प्रेमकथा लिहिलेलीच नाही, आणि ती तशी समजली जाऊ नये म्हणून तो आयुष्यभर भांडला.

गोष्ट तुम्हाला पुलंच्या ‘ती फुलराणी’मुळे पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. ‘पिग्मॅलियन’ हे बर्नार्ड शॉचं गद्य नाटक, लंडनला आलं १९१४ साली. त्यावरून लेखक लर्नर आणि संगीतकार लोवे यांनी केलेलं संगीत नाटक म्हणजे ‘माय फेअर लेडी’. न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, १९५६, २७१७ प्रयोग, सहा टोनी पुरस्कार. शॉ १९५० सालीच गेला होता. एकात गाणी आहेत, दुसऱ्यात नाहीत, एवढं सगळ्यांनाच कळतं.

घोळ होतो तो शेवटाचा.

शॉच्या मूळ संहितेत निरोपाच्या वेळीही प्रोफेसर हिगिन्स फुलवाल्या एलायझाला कामं सांगतो. हॅम आणि चीज मागव, माझ्यासाठी आठ नंबरचे हातमोजे आण, नव्या सुटावर टाय आण. “तुमचे तुम्ही आणा,” म्हणून ती तडक निघून जाते. लंडनच्या त्या प्रयोगांत हिगिन्स करणाऱ्या बीअरबोम ट्रीने शेवटी तिच्याकडे फुलं फेकायला सुरुवात केली, तेव्हा शॉ भडकला. १९१६ साली त्याने लांबलचक उपसंहारच जोडला: एलायझा लग्न करते ते तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रेडीशी, आणि फुलांचं दुकान काढते.

तिला परत आणलं १९३८च्या चित्रपटाने, आणि संगीत नाटकाने तेच उचललं. हिगिन्स एकटाच तिच्या आवाजाची जुनी रेकॉर्ड ऐकत बसलाय. ती मागून येते, यंत्र बंद करते आणि पुढचं वाक्य स्वतः म्हणते, तेही जुन्या रस्त्यावरच्या बोलीत. तो सुखावतो, खुर्चीत रेलतो, हॅट डोळ्यांवर ओढतो आणि विचारतो, माझ्या सपाता कुठायत? याच सपाता तिने त्याच्या अंगावर फेकलेल्या असतात. त्या ती उचलून देते की नाही, हे लर्नर सांगत नाही. म्हणजे लग्न इथेही नाही! शॉचं म्हणणं बरोबर असल्याची आपल्याला खात्री नाही, असं मात्र लर्नरने छापील आवृत्तीत प्रांजळपणे लिहून ठेवलंय.

‘माय फेअर लेडी’च्या संगीतावर माझा जीव आहे, तरी शेवट मला शॉचाच पटतो. जिला बोलायला शिकवलं, तिचं शेवटचं बोलणं तिचं स्वतःचं असायला हवं. २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये दिग्दर्शक बार्टलेट शेर यांनी संवाद तेच ठेवून एलायझाला निघून जाऊ दिलं, ते योग्यच केलं.

आता ‘ती फुलराणी’. पुलंनी रूपांतर केलं ते ‘पिग्मॅलियन’चं. पण मंजुळाचं, म्हणजे त्यातल्या एलायझाचं, ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत शॉच्या नाटकात शोधू नका, सापडणार नाही. त्याची बहीण ‘माय फेअर लेडी’त आहे: एलायझाचं ‘जस्ट यू वेट’ हे गाणं.