इंटरनेटचा प्रसार (विकसनशील देश)

दरडोई उत्पन्न कमी आणि दूरसंचाराच्या सोयी तोकड्या असलेल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे ६८ टक्के लोक इंटरनेट वापरत होते. कमी उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास होते. या प्रक्रियेतल्या अडचणी आणि तिने उघडलेल्या वाटा मुंबईत शेजारी-शेजारी पाहायला मिळतात.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात मुंबईतील एनसीएसटी (सॉफ्टवेअर संशोधनाची सरकारी संस्था) आणि आयआयटी या संस्था होत्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने इंटरनेट सेवा सर्वांना खुली केली. तेव्हा २५० तासांसाठी व्यक्तीला ५,००० रुपये मोजावे लागत आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिट मिळे. नेट लावले की घरचा फोन एंगेज लागायचा. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मक्तेदारी संपली. दर खऱ्या अर्थाने कोसळले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरल्यावर. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, कोणती वेबसाइट उघडली यावरून डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली. गरिबाला निवडक साइटांपुरते फुकट नेट देण्याच्या योजना त्यामुळे थांबल्या. हा निर्णय योग्यच होता. स्वस्त नेट हवे, पण ते पूर्ण नेट हवे.

परदेशांशी जोडणाऱ्या समुद्रतळाच्या केबल भारतात मोजक्याच किनाऱ्यांवर वर येतात. त्यांत मुंबई आणि चेन्नई प्रमुख. या केबलना सर्वाधिक धोका मासेमारीच्या जाळ्यांचा आणि जहाजांच्या नांगरांचा असतो. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातले नेट कित्येक दिवस रखडले. त्यानंतर वेगवेगळ्या मार्गांच्या केबल वाढवण्याची निकड सर्वांनाच पटली. पूर्व आफ्रिकेची स्थिती तर २००९ पर्यंत याहून बिकट होती: तिथला बहुतेक व्यवहार महागड्या उपग्रहांवरून चाले. त्या वर्षी जुलैत सुरू झालेल्या ‘सीकॉम’ केबलने मोंबासा, दार-ए-सलाम आणि मापुटो यांना युरोपशी आणि मुंबईशीही जोडले. केनियातली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा मात्र त्याआधीच, २००७ मध्ये, साध्या फोनवर सुरू झाली होती. म्हणजे गरज आणि कल्पकता तारेची वाट पाहत थांबली नव्हती.

खरी अडचण किनाऱ्यापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात आहे. मुंबईत रस्ता खोदायचा तर महापालिकेची परवानगी, रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क आणि पावसाळ्यातली मनाई, हे सारे सांभाळावे लागते. म्हणून चाळींत आणि वस्त्यांत नेट आणतो तो केबलवाला, गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या काळ्या वायरीने. लाइन गेली की त्याचा माणूस जिन्यातच बसतो. वायर सोलून केसासारखा काचतंतू बाहेर काढतो, स्पिरिटने पुसतो, दोन्ही टोके स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर धरतो. क्षणभर ठिणगी पडते, तंतू सांधला जातो, वर प्लॅस्टिकची नळी तापवून आवळली की काम झाले. पहिल्या पावसात जॉइंटवरच्या डब्यात पाणी शिरले तर तोच जॉइंट पुन्हा मारायचा. असंख्य घरांचे नेट या माणसाच्या हातावर चालते, आणि प्रसाराच्या चर्चेत त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

तार पोहोचली तरी भाषेचा आणि उपकरणाचा प्रश्न उरतो. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांसाठी ठरवलेली एकच संकेतपद्धती, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटात टाइप केला तो फाँट दुसऱ्याच्या संगणकावर नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. आज मोबाइलवर देवनागरी लिहिणे सहज झाले आहे. उपकरणाची टंचाई २०२० च्या टाळेबंदीत उघडी पडली. घरात फोन एक, शिकणारी मुले तीन आणि तो फोनही वडिलांबरोबर कामावर जाणारा. अशा घरांत मुलींची पाळी बहुधा शेवटी आली.

संधींचे सर्वांत ठळक उदाहरण यूपीआय. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने ती २०१६ मध्ये आणली. दादरच्या बाजारात फुलवालीच्या टोपलीपाशी क्यूआर कोड असतो आणि किती रुपये आले ते छोटा स्पीकर मराठीतून सांगतो. वाचता न येणाऱ्या बाईलाही आता पैसे आल्याची खात्री करायला कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. ही सोय माझ्या लेखी वेगाच्या कोणत्याही आकड्याहून मोठी आहे.

मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पाड्यांत रेंजसाठी अजूनही टेकडी चढावी लागते. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटवायलाही नेटवर्क लागते. ते नसेल तर धान्य दुकानात असूनही खोळंबा होतो. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली, तीच पुढे भारतनेट झाली. पण विखुरलेल्या पाड्यांच्या भागात ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेली तार पुढे नेण्यासाठी खांब, चोवीस तास वीज आणि बिघाड झाल्यावर तिथवर येणारा जॉइंट मारणारा माणूस, तिन्ही लागतात.