डाग की सावली?

कोजागरीच्या रात्री गच्चीवर दुर्बीण लावली की एक प्रश्न हमखास येतो: "अहो, चंद्रावरचे खड्डे कुठे आहेत?" ते दिसत नसतात. दिसतो तो डोळे दिपवणारा पांढरा गोळा आणि त्यावरचे करडे डाग. त्याच माणसाला शुक्ल अष्टमीला बोलवा, आयपीसवरून डोळा हलवायला तयार होत नाही. चंद्र तोच, दुर्बीण तीच, फक्त ऊन तिरकं झालेलं असतं.

एवढं ठाऊक असलेली माणसंही प्लूटोचा फोटो समोर आला की सगळं विसरतात. काळं दिसलं की खड्डा, उजळ दिसलं की डोंगर. मग लाल वर्तुळ, लाल बाण आणि "हे बघा, केवढी दरी!" २०१५च्या जुलैपासून हे पाहतोय, आणि बर्फाळ गोळ्याचा नवा फोटो आला की पुन्हा तेच.

सावलीबद्दल जास्त लिहीत नाही, ती सगळ्यांना कळते. उंचवटा आडवा आला, पलीकडे ऊन पोचलं नाही, अंधार पडला. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर असेल तर १०० मीटरची टेकडी ११०० मीटरहून लांब सावली टाकते.

घोळ होतो तो डागापाशी. डाग म्हणजे त्या जागेचा पदार्थच कमी किंवा जास्त प्रकाश परत फेकतो; शास्त्रज्ञ याला अल्बेडो म्हणतात. त्याचा चढ-उताराशी काही संबंध नाही. सारवलेल्या अंगणातली रांगोळी उंच नसते, पांढरी असते. भर दुपारी वरून फोटो काढला तर तीच ठळक दिसेल आणि अंगणातला खळगा दिसणारही नाही. संध्याकाळी काढला तर उलट.

२०१५मध्ये नासाचं न्यू होरायझन्स यान प्लूटोकडे जात होतं तेव्हा सूर्य जवळजवळ त्याच्या पाठीशी होता. सूर्य, प्लूटो आणि यान यांच्यातला कोन जेमतेम १५ अंशांचा, म्हणजे पौर्णिमेसारखीच स्थिती. सावल्या नाहीतच म्हणा ना. म्हणून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आलेल्या फोटोंत जे काही काळं-पांढरं दिसत होतं ते जवळजवळ सगळं डागांचं होतं. विषुववृत्तालगत लांबच लांब पसरलेला तो काळपट पट्टा, ज्याला सुरुवातीला देवमासा म्हटलं गेलं (आता त्याचं नाव बेल्टन रेजिओ), तो समुद्र नाही आणि दरीही नाही. मिथेनवर किरणांचा मारा होऊन तयार झालेले तांबूस-काळे सेंद्रिय पदार्थ तिथे साचले आहेत. त्या थराखाली विवरं आहेत, डोंगर आहेत, सपाटीही आहे. काळेपणावरून यातलं काहीच कळत नाही.

आणि प्लूटोवरचा तो हृदयाच्या आकाराचा प्रसिद्ध उजळ भाग? त्याचा डावा, सर्वांत उजळ भाग म्हणजे स्पुटनिक प्लॅनिशिया. "उजळ म्हणजे उंच" म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं. हे मैदान आसपासच्या प्रदेशापेक्षा सुमारे ३ किलोमीटर खोल आहे. प्लूटोवरची सगळ्यात लख्ख जागा एका प्रचंड खळग्याच्या तळाशी आहे! ती उजळ आहे कारण तिथे नायट्रोजनचा बर्फ आहे, आणि तो आधणासारखा, पण अतिशय संथपणे, खालून वर ढवळला जातो. साधारण पाच लाख वर्षांत पृष्ठभाग नवा होतो. खोली कळली ती वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या फोटोंच्या जोड्या जुळवून. उजेडाकडे नुसतं बघून ती कधीच कळली नसती.

त्याच मैदानाचा दुसरा फोटो बघा, सर्वांत जवळून गेल्यावर पंधरा मिनिटांनी मागे वळून घेतलेला. प्लूटोवर तिथे मावळतीची वेळ आहे. आता डाग मागे पडले आणि आकार बोलू लागले. साडेतीन हजार मीटरपर्यंत चढलेल्या पाण्याच्या बर्फाच्या शिखरांच्या सावल्या लांबल्या आहेत. त्या शिखरांतल्या एका रांगेचं नाव तेनझिंग माँटेस, आपल्या दार्जिलिंगच्या तेनझिंग नोर्गेंवरून. मला विचाराल तर संपूर्ण मोहिमेतला हा सर्वोत्तम फोटो. रंगीत हृदयाचे कप आणि टी-शर्ट ज्याचे त्याला लखलाभ.

ओळखायचं कसं? आधी सूर्य कुठे आहे ते शोधा. मग काळ्या भागाला उजळ जोडीदार आहे का ते बघा. विवराची सूर्याकडची भिंत अंधारात असते आणि समोरची उजळते, दोघी एकत्र येतात. डागाला असा जोडीदार नसतो. शेवटी तीच जागा वेगळ्या उन्हात बघा. सावली सरकते, डाग हलत नाही. या तीन गोष्टी न बघता लाल बाण काढू नये, एवढी माझी अट आहे.

आता खरी अडचण. देवमाशाच्या काळ्या अंगावर एक डोंगररांग आहे आणि तिची शिखरं पांढरी आहेत. नुसत्या कृष्णधवल फोटोत दोन्ही अर्थ पटतात: एक तर उन्हाकडे तोंड केलेले उतार चमकतायत, नाहीतर वर काहीतरी पांढरं बसलंय. इथे जोडीदाराची युक्तीही पुरेशी पडत नाही. निकाल लागला तो रंगीत कॅमेऱ्याच्या मिथेन-नकाशामुळे. पांढरे भाग आणि मिथेनचे भाग एकमेकांवर बसले, म्हणजे तो मिथेनचा बर्फ. दिसायला हिमालय, पण कारण निराळं. पृथ्वीवर उंचावर हवा थंड होते म्हणून शिखरांवर बर्फ पडतो. प्लूटोवर उंचावर हवा उलट उबदार होते, पण तिथे मिथेन जास्त असतो, म्हणून शिखरांवर तो गोठतो. फोटो "आपल्यासारखा" दिसतो म्हणून कारणही आपल्यासारखं असेल असं समजू नका.

उलटी चूक गुरूचा चंद्र युरोपा हिच्या बाबतीत होते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं जूनो यान तिच्यापासून ३५२ किलोमीटरवरून गेलं, आणि दिवस-रात्रीच्या सीमेजवळचे फोटो बघून लोकांनी कडेकपारी, सुळके, काय काय बघितलं. युरोपा सूर्यमालेतल्या सर्वांत गुळगुळीत गोळ्यांपैकी आहे. तिरक्या उन्हात ओट्यावर सांडलेलं पीठसुद्धा पर्वत दिसतं.

रंगांबद्दल एकच: फोटोत मुद्दाम वाढवलेला रंग म्हणजे खोटा रंग नव्हे, पण डोळ्याला दिसेल तोही नव्हे. फोटो फिरवून टाकणाऱ्यांना मात्र माफी नाही. आपला मेंदू ऊन वरून येतं असं गृहीत धरतो, त्यामुळे उलटा फोटो टाकला की विवराचा घुमट होतो आणि पुढची चर्चा त्या घुमटावर.

राहता राहिला प्लूटोच्या नकाशाच्या तळाचा काळा पट्टा. त्याला कुणी दरी म्हणतं, कुणी "नासाने झाकलेला भाग". तो डागही नाही आणि डोंगराची सावलीही नाही. तिथे दक्षिणेत लांबलचक रात्र चालू होती, ऊनच नव्हतं. तरीही यानाने मागे वळून शेकडो फोटो घेतले, आणि २०२१ मध्ये त्यातले ३६० एकत्र करून त्या अंधाऱ्या बाजूचं एक पुसट चित्र काढलं गेलं. प्रकाश होता प्लूटोच्या शॅरन या चंद्राचा, म्हणजे प्लूटोवरच्या चांदण्याचा.