कर्नलमधल्या फायरवॉलची निगा

फोंड्यातला फ्लॅट असो किंवा सत्तरीतल्या एखाद्या गावचे पंचायत कार्यालय असो, इंटरनेटची तार जिथे येऊन थांबते तिथे लुकलुकत्या दिव्यांची एक पेटी असते. लोक तिला सरसकट ‘वायफाय’ म्हणतात. प्रत्यक्षात तो एक लहानसा संगणक असतो आणि अशा असंख्य पेट्यांत लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. आतला मोबाइल बाहेरच्या जगाशी संवाद सुरू करू शकतो, पण बाहेरच्या कोणालाही आपणहून त्या मोबाइलपर्यंत पोहोचता येत नाही, हा नियम ही पेटी पाळते. तो पाळणाऱ्या यंत्रणेला फायरवॉल म्हणतात आणि तिचा मुख्य भाग कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असतो. फायरवॉलविषयी लिहिताना सहसा हल्लेखोरांच्या कथा सांगितल्या जातात. येथे मात्र त्या कोडची वर्षानुवर्षे निगा राखणाऱ्यांचे काम कसे चालते ते पाहायचे आहे, कारण या कोडची एकही ओळ कोणी बदलली नाही तरी भोवतालचे जग बदलत राहते आणि काल निर्धोक असलेली ओळ आज धोक्याची ठरू शकते.

फायरवॉल कर्नलमध्येच का ठेवतात, याचे पहिले उत्तर वेगात आहे. सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या जोडणीवर इथरनेटची सर्वांत लहान पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, येऊ लागली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेटे येतात, म्हणजे एका पॅकेटाच्या वाट्याला अवघे ६७ नॅनोसेकंद येतात. मुख्य मेमरीतून एकदा माहिती आणण्यातच जवळपास तेवढा वेळ जाऊ शकतो. अशा स्थितीत प्रत्येक पॅकेट कर्नलमधून उचलून एखाद्या सामान्य प्रोग्रॅमकडे न्यायचे, त्याचा निर्णय घ्यायचा आणि पॅकेट परत आणायचे, हे परवडत नाही. दुसरे कारण जागेचे आहे: संगणकात शिरणारे, त्यातून बाहेर पडणारे किंवा त्याच्यामार्फत पुढे जाणारे प्रत्येक पॅकेट कर्नलमधूनच जाते. लिनक्समध्ये या वाटेवर नेटफिल्टर या यंत्रणेचे पाच मुख्य थांबे आहेत. पॅकेट आल्याबरोबर, ते याच संगणकासाठी आहे असे ठरल्यावर, ते पुढे पाठवायचे असताना, या संगणकाने ते स्वतः निर्माण केल्यावर आणि ते बाहेर पडण्याच्या क्षणी, अशा पाच ठिकाणी नियम तपासता येतात. या सोयीची किंमतही मोठी आहे. सामान्य प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधला कोड चुकला तर सगळा संगणक कोसळू शकतो, किंवा चूक हेरणाऱ्याच्या हाती संगणकाची सर्व सत्ता जाऊ शकते.

आतून बाहेर जाऊ द्यायचे आणि बाहेरचे आत येऊ द्यायचे नाही, ही कल्पना गोव्याच्या वाचकाला खाजनाच्या मानशीवरून, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या बांधातल्या दारावरून, चटकन कळेल. ओहोटीला आतले पाणी मानशीचे दार ढकलून नदीत उतरते आणि भरतीला बाहेरचे खारे पाणी तेच दार दाबून बंद करते. साम्य मात्र येथेच संपते, कारण मानशीला काही लक्षात ठेवावे लागत नाही आणि फायरवॉलला ठेवावे लागते. तुम्ही एखादे संकेतस्थळ उघडले की त्याचे उत्तर बाहेरूनच येणार असते. ते आत घ्यायचे तर ‘ही विचारणा आतून झाली होती’ अशी नोंद कुठेतरी असली पाहिजे. म्हणून कर्नल जोडण्यांचा एक तक्ता ठेवतो. प्रत्येक नोंदीत दोन्ही बाजूंचे पत्ते, दोन्ही पोर्ट (संगणकातला कोणता प्रोग्रॅम बोलतो आहे ते सांगणारे क्रमांक), संवादाचा प्रकार आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे हे असते.

देखभालीचे निम्मे प्रश्न या तक्त्यातून उगवतात. नोंद किती वेळ ठेवायची? निःशब्द पडून राहिलेली टीसीपी (माहिती पोहोचल्याची खात्री करून घेणाऱ्या पद्धतीची) जोडणी लिनक्स पूर्वनिर्धारित मापाने पाच दिवस लक्षात ठेवतो, तर बीएसडी घराण्यातल्या ओपनबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीची पीएफ ही फायरवॉल चोवीस तास. आतल्या यंत्रांचे पत्ते बाहेर जाताना बदलून देणाऱ्या उपकरणांसाठी २००८ मध्ये ठरलेल्या इंटरनेट मानकानुसार ही मुदत निदान २ तास ४ मिनिटे असावी लागते. मुदत फार लांब ठेवली तर मृत जोडण्यांनी तक्ता भरतो, आणि तो भरला की कर्नल नव्या जोडण्यांची पॅकेटे फेकून देऊ लागतो. फार आखूड ठेवली तर रात्रभर शांत असलेली एखादी कार्यालयीन जोडणी सकाळी कारण न कळता तुटते. हा आकडा बदलायला एका ओळीचा बदल पुरतो, पण त्यावर कोणाकोणाची कामे नकळत विसंबून आहेत हे कोणालाच पूर्णपणे ठाऊक नसते. त्यामुळे असे आकडे दशकानुदशके जिथल्या तिथे राहतात, आणि मला त्यात आळसापेक्षा शहाणपणच अधिक दिसते.

एफटीपीचे उदाहरण याहून बोलके आहे. फायली पाठवण्याच्या या पद्धतीचा पहिला मसुदा आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटीमध्ये असताना १९७१ मध्ये लिहिला. तेव्हा फायरवॉल नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. पुढे या पद्धतीत अशी सोय रूढ झाली की ग्राहक संगणक संभाषणाच्या मजकुरातच आपला पत्ता आणि पोर्ट कळवतो आणि सर्व्हर उलट त्याच्याशी नवी जोडणी करतो. फायरवॉलच्या दृष्टीने ही बाहेरून आलेली, कोणी न मागितलेली जोडणी ठरते. म्हणून कर्नलमध्ये साहाय्यक कोड लिहावा लागला, जो संभाषणाचा मजकूर वाचतो आणि त्यात सांगितलेल्या पोर्टासाठी तात्पुरती वाट मोकळी करतो. सोय झाली, परंतु ज्याला तसा मजकूर पाठवायला भाग पाडता येईल त्याच्याकडून हवी ती वाट उघडून घेता येईल, हेही त्याबरोबर आले. इंटरनेटवरील दूरध्वनीसाठी असलेल्या अशाच साहाय्यकाला फसवून, केवळ एक वेबपान उघडायला लावून घरगुती राउटरच्या आतल्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची युक्ती २०२० मध्ये जाहीर झाली. लिनक्सच्या देखभालकर्त्यांनी हे साहाय्यक आपोआप कामाला लागण्याची सोय २०१६ मध्ये, ४.७ या आवृत्तीत, पूर्वनिर्धारितपणे बंद करून ठेवली होती. पण तोवर जगभरच्या पेट्यांत जुने वर्तन रुजलेले होते.

जुने वर्तन जपणे हे लिनक्समध्ये जवळजवळ धर्मासारखे पाळले जाते. कर्नल बदलल्यामुळे आधी चालणारा प्रोग्रॅम बंद पडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. लिनक्सच्या फायरवॉलची मात्र तीस वर्षांत अनेकदा नव्याने बांधणी झाली. १९९४ च्या अखेरीस अॅलन कॉक्स यांनी बीएसडीतली आयपीएफडब्ल्यू ही फायरवॉल लिनक्समध्ये आणली. १९९९ मध्ये २.२ या आवृत्तीबरोबर आयपीचेन्स, २००१ मध्ये २.४ बरोबर आयपीटेबल्स आणि जानेवारी २०१४ मध्ये ३.१३ बरोबर एनएफटेबल्स आली. एवढे होऊनही आयपीटेबल्सच्या भाषेत लिहिलेले नियम आजही चालतात. डेबियन या लिनक्सच्या वितरणात, म्हणजे वापरायला तयार संचात, २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून ‘आयपीटेबल्स’ ही आज्ञा वापरली तरी आत तिचे रूपांतर एनएफटेबल्सच्या यंत्रणेत होते, आणि वापरणाऱ्याला ते जाणवतही नाही. हा अनुवादाचा थरही कोणीतरी सांभाळावा लागतोच.

अशा जुळवणीच्या कोडमध्येच दोष लपून राहतात. ३२ बिटांचा प्रोग्रॅम ६४ बिटांच्या कर्नलला नियमांचा तक्ता देतो, तेव्हा त्यातील मोजमापे वाढवून घ्यावी लागतात. हे रूपांतर करताना रिकाम्या जागी शून्ये भरणारा कोड काही वेळा ठरलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर शून्ये लिहीत होता. ही चूक २००६ मध्ये शिरली आणि गूगलमधील एका सुरक्षा संशोधकाने ती २०२१ मध्ये दाखवून दिली. जागा चुकलेल्या काही शून्यांवरून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येतो, हे त्याने सिद्ध केले. पंधरा वर्षे तो कोड असंख्य यंत्रांवर अव्याहत चालत होता आणि नियम अचूक पाळत होता. नेहमीच्या वापरात त्यात काहीच खोट दिसत नव्हती.

२०२४ मध्ये गाजलेला, सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२४-१०८६ हा क्रमांक असलेला दोष थोडा उलगडून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक पॅकेटाविषयीचा निवाडा कर्नलमध्ये एका संख्येने सांगितला जातो: ० म्हणजे टाकून द्या, १ म्हणजे जाऊ द्या. ही संख्या ३२ बिटांची असून तिच्या खालच्या अर्ध्या भागात निवाडा असतो. पॅकेट टाकून देताना निवाडा मागणाऱ्या कोडला कोणती त्रुटी कळवायची, तो क्रमांक वरच्या अर्ध्या भागात ठेवता येतो. कर्नलच्या संकेताप्रमाणे त्रुटीचे क्रमांक ऋण असतात, त्यामुळे वापरताना या भागाचे चिन्ह उलटवले जाते. एनएफटेबल्समध्ये नियम लिहिणाऱ्याला तिथे अशी संख्या भरता येत होती की उलटवल्यावर उत्तर +१ यावे. मग पुढील प्रकार घडे. ‘टाकून द्या’ या निवाड्यानुसार पॅकेटाची मेमरी मोकळी केली जाई आणि त्रुटी म्हणून १ हा आकडा परत जाई. तो आकडा घेणारे कार्य मात्र १ चा अर्थ ‘जाऊ द्या’ असा लावत असे आणि मोकळ्या केलेल्या मेमरीतल्या त्याच पॅकेटावर पुढचे काम करून ती मेमरी दुसऱ्यांदा मोकळी करत असे. एकच मेमरी दोनदा मोकळी झाली की ती एकाच वेळी दोन कामांसाठी दिली जाऊ शकते, आणि कर्नल ताब्यात घेण्याची वाट तिथून निघते.

हा दोष २०१४ च्या ३.१५ या आवृत्तीपासून होता. पण विक्षिप्त नियम लिहिण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो तर संगणकाचा प्रशासकच. त्याला आणखी कोणती सत्ता मिळवायची असणार? जुन्या व्यवस्थेत हा प्रश्न रास्त होता. मात्र फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून सामान्य वापरकर्त्यालाही स्वतःपुरते वेगळे नामविश्व (कर्नलने बाकी संगणकापासून अलग राखलेले आवार) उघडून त्यात प्रशासक होण्याची मुभा मिळाली होती. कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून अलग ठेवलेले प्रोग्रॅम, चालवण्यासाठी ही सोय अतिशय उपयुक्त आहे. तिचा परिणाम असा झाला की विश्वासातल्या माणसासाठी लिहिलेला फायरवॉलचा कोड, जिथे ही मुभा सुरू आहे तिथे, संगणकावर खाते असलेल्या कोणाच्याही हाताशी आला. दोन्ही बदल आपापल्या जागी समर्थनीय होते, आणि दोन वेगळ्या उपप्रणालींत वेगळ्या लोकांनी केलेले होते. दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये झाली, ती मोजक्या ओळींची होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची नोंद केली. मूळ कर्नलमधली दुरुस्ती आधी स्थिर आवृत्त्यांत, तिथून डेबियनसारख्या वितरणांत आणि शेवटी उपकरण बनवणाऱ्यांकडे जाते. या साखळीचे शेवटचे टोक सर्वांत संथ असते, कारण उत्पादक बहुधा जुनाच कर्नल धरून त्यात आपले बदल करून बसलेला असतो.

बीएसडीच्या जगात देखभालीचा वेगळाच पेच दिसतो. ओपनबीएसडीमध्ये आधी आयपीफिल्टर ही फायरवॉल होती. २००१ मध्ये तिच्या परवान्यावरून वाद झाला, कारण बदललेला कोड वितरित करण्याची मोकळीक त्या परवान्यात नसल्याचे स्पष्ट झाले. ओपनबीएसडीने ती काढून टाकली आणि डॅनियल हार्टमायर यांनी त्याच वर्षी पीएफ लिहिली. डिसेंबर २००१ च्या ३.० या आवृत्तीत ती वापरात आली. तिचे नियम वाचायला इतके सुबोध होते की त्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीनेही २००४ मध्ये ती स्वीकारली. पुढे मात्र वाटा फुटल्या. ओपनबीएसडीने २०१० मध्ये, ४.७ या आवृत्तीत, पत्ते बदलण्याच्या नियमांची मांडणीच बदलली, तर फ्रीबीएसडीने जुन्या नियमांच्या फायली चालत राहाव्यात म्हणून जुनी मांडणी ठेवली. फ्रीबीएसडीने २०१४ मध्ये, १०.० या आवृत्तीत, अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करू शकतील अशा रीतीने पीएफमधली कुलपे बारीक वाटून घेतली. येथे कुलूप म्हणजे एका प्रोसेसरचे काम चालू असताना दुसऱ्याने त्याच माहितीला हात लावू नये यासाठीची व्यवस्था. त्यानंतर एका बाजूची दुरुस्ती दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी लावता येईना. कोणीतरी ती वाचायची, तिचा हेतू समजून घ्यायचा, आपल्याकडे तो दोष आहे का ते तपासायचे आणि आपल्या कुलपांच्या रचनेत ती पुन्हा लिहायची, हे काम तेव्हापासून चालूच आहे. प्रत्येक फाट्यामागे असे कर्ज साठते, आणि फाटा फोडण्याच्या उत्साहात त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

हे सारे करताना जुने काही मोडले नाही, याची खात्री चाचण्यांवरून करतात. लिनक्समध्ये नेटवर्क नामविश्वे आणि फ्रीबीएसडीमध्ये स्वतंत्र नेटवर्क असलेली ‘जेल्स’ (तशीच अलग आवारे) वापरून एकाच संगणकात ग्राहक, राउटर आणि सर्व्हर अशी तीन यंत्रे उभी करता येतात. सिझकॉलर हे साधन कर्नलला अखंड वेड्यावाकड्या विनंत्या पाठवून तो कुठे कोसळतो ते शोधते. एखादी गोष्ट दोन आवृत्त्यांच्या दरम्यान मोडली असेल, तर मधल्या बदलांचे दर वेळी दोन भाग करत, दहा हजार बदलांतूनही दोषी बदल सुमारे १४ पायऱ्यांत सापडतो.

यातल्या कशालाच महागडी प्रयोगशाळा लागत नाही. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरही या चाचण्या चालतात. नेटफिल्टरच्या पुष्कळ चाचण्या कर्नलच्या मूळ संग्रहातच असून त्या साध्या शेल स्क्रिप्टच्या, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांच्या, रूपात आहेत: तीन नामविश्वे उभी करायची, नियम लावायचे, एक पॅकेट पाठवायचे आणि जे पोहोचायला नको होते ते पोहोचले तर चाचणी नापास ठरवायची. या कोडशी ओळख करून घेऊ पाहणाऱ्याने आधी अशी एक स्क्रिप्ट वाचावी, मग तिच्यातला एक नियम मुद्दाम काढून ती नापास होते की नाही ते पाहावे. नापास झाली नाही, तर ती चाचणी त्या नियमावर लक्षच ठेवत नव्हती असा त्याचा अर्थ होतो, आणि ती उणीव भरून काढणारा छोटासा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) देखभालकर्त्यांना पाठवता येतो.