जनावराच्या कानातला बिल्ला: नोंदणी, कागदपत्रं आणि नेमकं अडतं कुठे

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री किंवा वाहतूक करता येत नाही. सरकारी दवाखान्यातले उपचारही बिल्ल्याला जोडले आहेत. वीज पडून, पुरात किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं, तर भरपाईच्या कागदावर आधी बिल्ल्याचा क्रमांक मागतात. प्राण्यांमधील संक्रामक रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली झालेला केंद्राचा कायदा या सक्तीचा आधार आहे.

बिल्ला म्हणजे पिवळी प्लास्टिकची चकती आणि तिच्यावर १२ अंकी क्रमांक. हा क्रमांक देशात दुसऱ्या कुठल्याही जनावराला मिळत नाही. लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून बिल्ले मोठ्या प्रमाणावर मारले जाऊ लागले. सुरुवातीला नोंदी ‘इनाफ’ नावाच्या प्रणालीत होत, आता त्या ‘भारत पशुधन’वर होतात.

पात्रतेची अट अशी काही नाही. जमीन नावावर असो वा नसो, एक शेळी असो की वीस म्हशी, ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याने नोंद करायची. बिल्ला मारायला पैसे लागत नाहीत.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधार कार्ड, मोबाईल क्रमांक आणि पत्ता द्यायचा. दुधाचं अनुदान चालू असेल आणि ते घेणार असाल तर बँक पासबुकाची झेरॉक्सही बरोबर ठेवा. जनावराची जात, वय, लिंग, वेतं (बाळंतपणं) किती झाली, गाभण आहे का, हे विचारलं जातं. नव्याने विकत आणलेलं असेल तर बाजाराची पावती लागेल. मग जनावर धरायचं, कानाच्या शिरा चुकवून मधोमध बिल्ला ठोकायचा आणि जखमेला आयोडिन लावायचं. पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात मात्र पुढचे आठ-दहा दिवस कानाकडे लक्ष ठेवा, माशी बसली की जखम चिघळते.

इथवर सगळं सोपं आहे. शेतकरी अडतो तो त्यापुढे, कारण बिल्ला कानात असतो पण नोंद भलतीकडे असते.

दुधाच्या अनुदानात हे सगळ्यात ठळक दिसलं. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये जाहीर केले, पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून ते ७ रुपये झाले. अट अशी होती की गाईचा बिल्ला, शेतकऱ्याचं आधार आणि बँक खातं तिन्ही एकमेकांना जोडलेलं हवं. आता घरोघरची तऱ्हा बघा: गाय वडिलांच्या नावावर, दूध संस्थेतलं खातं मुलाच्या नावावर, मोबाईल सुनेचा. किंवा गाय बाजारातून आणलेली आणि नोंद अजून आधीच्या मालकाच्याच नावावर. दूध रोज डेअरीत जातंय, पण संगणकाच्या लेखी त्या घरात गायच नाही.

म्हणून बिल्ला मारून झाल्यावर तिथेच उभं राहून क्रमांक प्रणालीत टाकायला लावा आणि मालकाचं नाव डोळ्यांनी वाचा. ‘नंतर भरतो’ म्हणाले तर चार दिवसांनी पुन्हा जाऊन बघा. बिल्ला दिसेल असा जनावराचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. विमा कंपन्यांचा ‘टॅग नाही तर क्लेम नाही’ हा नियम तर या सक्तीच्याही आधीपासूनचा आहे.

विक्री करताना मालकी बदलून घेणं हेच खरं महत्त्वाचं. विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं आधार, दोघांचे मोबाईल आणि बिल्ल्याचा क्रमांक घेऊन दवाखान्यातून हस्तांतर करून घ्यायचं. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरही हा क्रमांक लिहून घ्या. व्यवहार हेड्यामार्फत, म्हणजे जनावरांच्या दलालामार्फत, होत असेल तर जास्तच जपा, कारण तिथे जनावर एका दिवसात दोन हात बदलतं आणि नोंद तुमच्याच नावावर राहते.

याच मुद्द्यावर शेतकऱ्यांचा खरा आक्षेप आहे. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे भाकड जनावराला गिऱ्हाईक मिळत नाही. वाटेत गाडी अडवली जाईल म्हणून व्यापारी भाव पाडतात. आता कानात क्रमांक आणि क्रमांकावर आपलं नाव, म्हटल्यावर विकलेलं जनावर पुढे कुठे सापडलं तर विचारणा आपल्याला होईल, ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. हस्तांतराचा कागद हाच त्यावर इलाज, आणि तो करून देणारा माणूस दवाखान्यात हजर असेल तरच तो मिळणार. सक्ती शेतकऱ्यावर आणि कळफलक दुसऱ्याच्या हातात, हे काही बरोबर नाही. चारणीला जिल्हे ओलांडणाऱ्या मेंढपाळाने तर कुठल्या दवाखान्यात खेटे घालायचे?

तरीही बिल्ल्याला बिनकामाचा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०२२ मध्ये लम्पी हा गाई-बैलांचा त्वचारोग आला तेव्हा दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरली. अशा वेळी मेलेलं जनावर आपलंच होतं हे दाखवायला क्रमांकासारखा पुरावा नाही.

बिल्ला गव्हाणीत अडकून तुटला किंवा कान फाटून पडला, तर जुना सापडला तरी तो पुन्हा बसवत नाहीत. नवा मारतात आणि प्रणालीत जुन्या क्रमांकाच्या जागी नवा जोडतात. हा जोड विसरला गेला तर जुनी लस, वेतं, विमा सगळं हरवतं, त्यामुळे जुना क्रमांक वहीत लिहिलेला हवा. विमा असेल तर कंपनीलाही नवा क्रमांक लेखी कळवा. जनावर मेलं तर तीही नोंद करा, नाहीतर ते कागदावर तुमच्या गोठ्यात जिवंतच राहतं.

चुकीची नोंद दवाखान्यात दुरुस्त होत नसेल, तर पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे बिल्ल्याचा क्रमांक आणि फोटो जोडून लेखी अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.