ओळखचोरी : प्रतिबंध आणि निवारण

दुसऱ्या व्यक्तीचे नाव, आधार किंवा पॅन क्रमांक, स्वाक्षरी, बोटांचे ठसे, मोबाइल क्रमांक अथवा पासवर्ड तिच्या संमतीशिवाय वापरून लाभ उठवणे म्हणजे ओळखचोरी होय. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मध्ये 2008 च्या दुरुस्तीने घातलेले कलम 66-सी दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा ओळखीची अन्य विशिष्ट खूण अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करते. तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम 319 लागू होते.

या गुन्ह्याचे दोन प्रकार ठळकपणे वेगळे करावे लागतात. पहिल्यात खात्यातून थेट पैसे जातात आणि बँकेच्या संदेशामुळे ते बहुधा लगेच कळते. दुसऱ्यात पीडिताच्या नावाने कर्ज उचलले जाते, सिमकार्ड घेतले जाते किंवा कंपनी नोंदवली जाते, आणि त्याचा पत्ता वसुलीचा फोन, प्राप्तिकर खात्याची नोटीस किंवा नामंजूर झालेला गृहकर्जाचा अर्ज यांतून महिन्यांनी, कधी वर्षांनी लागतो. दुसरा प्रकार अधिक घातक मानला पाहिजे, कारण त्यात पीडिताचे पैसे गेलेले नसतात, तर त्याच्या नावे खोटी नोंद तयार झालेली असते आणि ती पुसण्याचे काम त्यालाच दारोदार जाऊन करावे लागते.

माहिती चोरीला जाण्याच्या वाटा अनेकदा अगदी साध्या असतात. लॉजमध्ये, सिमकार्डाच्या दुकानात किंवा भाड्याच्या घरासाठी एजंटाकडे दिलेली आधारची झेरॉक्स पुढे कोणाच्या हाती जाते, यावर देणाऱ्याचे काहीच नियंत्रण राहत नाही. सरकारी दस्तऐवजही याला अपवाद नाहीत. तेलंगणात 2018 मध्ये उघडकीस आलेल्या एका प्रकरणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील जमिनीच्या दस्तांवरून अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांच्या बनावट प्रतिकृतींच्या आधारे सिमकार्डे चालू करण्यात आली होती. पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. म्हणून आधारमधील बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करण्याची भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने दिलेली विनामूल्य सोय प्रत्येकाने वापरावी, विशेषतः ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी आहेत आणि ज्यांचे खाते आधारशी जोडलेले आहे त्यांनी. गरज पडेल तेव्हा हे कुलूप तात्पुरते उघडता येते. याच प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दाखवणारे आधारपत्र उतरवून घेता येते, आधार क्रमांकाऐवजी देता येणारा सोळा अंकी आभासी क्रमांक मिळवता येतो आणि आपल्या आधारची पडताळणी केव्हा झाली याचा मागील सहा महिन्यांचा तपशीलही पाहता येतो. झेरॉक्स देणे अटळच असेल, तर तिच्यावर आडवे कारण आणि तारीख लिहून सही करावी.

आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर दिसते आणि अनोळखी क्रमांकाची तक्रार तेथेच करता येते. आपला मोबाइल अचानक नेटवर्कबाहेर गेला आणि तसाच राहिला, तर कोणीतरी त्या क्रमांकाचे दुसरे सिम मिळवले असण्याची शक्यता गृहीत धरून तत्काळ मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवावे. कर्जाच्या खोट्या नोंदी शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पतअहवाल, अर्थात आपल्या नावावरील कर्जांची आणि त्यांच्या परतफेडीची नोंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. चौघींचे अहवाल एकाच वेळी न मागवता तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मागवल्यास वर्षभर लक्ष राहते.

पैसे गेले असल्यास पहिले काही तास निर्णायक ठरतात. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवताच संबंधित बँकांना सूचना जाते आणि रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर कोणतीही आर्थिक जबाबदारी येत नाही; ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो. मात्र ओटीपी ग्राहकानेच सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याला सोसावे लागते. बँकेला दिलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लेखी स्वरूपात जपून ठेवावी.

खोट्या कर्जाच्या बाबतीत पोलिसांत गुन्हा नोंदवून प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत मिळवणे ही पहिली पायरी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ही प्रत जोडून कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्जाचा फॉर्म, केवायसीची (ग्राहकाची ओळख पटवणारी) कागदपत्रे आणि रक्कम कोणत्या खात्यात वळती झाली याचा तपशील लेखी मागावा. फोटो, सही आणि खाते जुळत नाही हे दाखवणारा सर्वांत भक्कम पुरावा याच कागदांत सापडतो. त्याच वेळी पतमाहिती कंपनीकडेही हरकत नोंदवावी. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्जसंस्थेचेही तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

वसुली प्रतिनिधींच्या दबावाला कंटाळून अनेक जण थोडी रक्कम भरून मोकळे होतात. हे टाळले पाहिजे, कारण अशा भरण्याचा अर्थ कर्ज मान्य केल्यासारखा लावला जाऊ शकतो. कर्ज आपले नसल्याचे संस्थेने मान्य केल्यावर तसे पत्र घ्यावे आणि चारही कंपन्यांचे अहवाल पुन्हा तपासावेत. थकीत कर्जे दुसऱ्या संस्थांना विकली जातात. एका ठिकाणी पुसलेली नोंद नव्या मालकाच्या नावाने परत उमटली, तर तेच पत्र दाखवून ती हटवून घेता येते.